भीमराज सरवदे यांचा हुद्दा

महाळुंग्याच्या कंपनीने भीमराज सरवदे यांना कामावरून काढलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. पत्र चार ओळींचं होतं. कंपनीला आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही, नियुक्तिपत्रातील अटीप्रमाणे एक महिन्याची नोटीस देण्यात येत आहे, ओळखपत्र गेटवर जमा करावे. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकाला मात्र ते ठाऊक होतं.

तीन आठवड्यांपूर्वी पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर भाग्यश्री नावाच्या मुलीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. ठेकेदाराकडची मुलगी, कामावर येऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्या प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. माल लवकर निघावा म्हणून तो सेन्सर चार दिवस बंद ठेवलेला होता. सरकारी कारखाना निरीक्षक चौकशीला आले तेव्हा मॅनेजरांनी मुलीचं कामात लक्ष नव्हतं असं सांगितलं. मग निरीक्षकांनी लाइनवरचे सुपरवायझर म्हणून भीमराजना बोलावलं.

"सेन्सर बंद होता साहेब," भीमराज म्हणाले. "सोमवारपासून."

"कोणी बंद केला?"

"वरून निरोप होता. चालू करा म्हणून मी दोनदा सांगितलं."

"सांगितलंत. पण लाइन चालूच ठेवलीत."

लिहिलेला जबाब भीमराजनी दोनदा वाचला आणि खाली सही केली.

नोटिशीचं पत्र घेऊन ते कामगार खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूने नियुक्तिपत्र मागितलं, वरच्या दोन ओळी वाचल्या आणि कागद परत सरकवला. "तुम्ही सुपरवायझर. म्हणजे कायद्यानं कामगार नाही. हे आमच्याकडे येत नाही."

"मग कुणाकडे येतं?"

"वकील बघा."

भीमराज जिना उतरून खाली आले आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभे राहिले. कारखाना निरीक्षकांच्या अहवालात ते 'जबाबदार पर्यवेक्षक' होते, भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात 'कर्मचारी' होते, आणि इथे कोणीच नव्हते. सरकार एकच, माणूसही एकच.

युनियनमधल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने त्यांना ॲडव्होकेट तनुजा यांचं नाव सांगितलं. पिंपरीत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. चाळिशीच्या बाई, बोलायला तुटक. त्यांनी नियुक्तिपत्र बाजूला ठेवलं.

"हुद्दा मला कळला. सकाळी गेटातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत हातानं काय काय करायचात, ते सांगा."

भीमराज सांगू लागले. प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवायचा. पहिला नग काढून मापाच्या गेजनं तपासायचा. कोणी गैरहजर असेल तर त्याच्या मशीनवर स्वतः बसायचं. आणि कोणी ना कोणी रोज गैरहजर असायचंच. तेल कमी झालं तर भरायचं. मालाची गाडी लागली तर खोकी उचलू लागायची. तनुजाताईंनी चार पानं भरली.

"रजा मंजूर करायचात?"

"नाही. अर्ज एचआरकडे जायचे."

"कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाला बढती?"

"नाही मॅडम."

"मेमो देता यायचा?"

"नाही."

"मग तुमच्या हातात होतं तरी काय?"

भीमराजनी विचार केला. "हजेरीची वही. ती पण सुटताना एचआरला द्यायची."

"उत्तम," तनुजाताई म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या. भीमराज मान खाली घालून बसले होते. त्यांच्याकडे लक्ष गेल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा दादा. कायदा सांगतो की देखरेखीचं काम करणारा, ठरावीक पगाराच्या वरचा माणूस 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. तसा तुम्ही असाल तर कंपनी एका महिन्याच्या नोटिशीवर तुम्हाला घरी बसवू शकते. कामगार असाल तर चौकशी केल्याशिवाय हात लावता येत नाही. पण देखरेख म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठेही फोडून सांगितलेलं नाही. ते कोर्टांनी एकेका माणसाचा खटला ऐकत, वर्षानुवर्षं ठरवत आणलंय. त्यांनी पाटी पाहिली नाही, काम पाहिलं. आपल्याला तेच दाखवायचंय. तुम्ही साहेब नव्हता, एवढंच."

एवढंच, असं त्या सहज म्हणाल्या. पण भीमराजांच्या पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांच्या घरात ही गोष्ट एवढीशी नव्हती.

भीमराजांचे वडील भिवा बहात्तरच्या दुष्काळात करमाळ्याकडून पिंपरीला आले, तेव्हा भीमराज आईच्या अंगावर पीत होते. भिवांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या बॉयलरवर हेल्पर म्हणून काढली. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण एकतीस वर्षांत ते कोणी उच्चारलं नाही. वीस वर्षांचा पोरगा सुपरवायझर म्हणून यायचा आणि "ए भिवा" म्हणायचा. भीमराज आयटीआय करून लागले, मशीनवर सोळा वर्षं घासली, आणि दोन हजार अकरा साली कंपनीने सुपरवायझर करून, निळा शर्ट काढून घेऊन त्यांना पांढरा शर्ट दिला. आई सोजरबाईंनी गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं. भिवा तेव्हा थकले होते. मुलाचा शर्ट त्यांनी हातात घेतला, कॉलर चाचपली आणि म्हणाले, "आता तुला कुणी ए म्हननार न्हाई." पुढे चार वर्षांनी ते गेले. सोजरबाई मात्र तेव्हापासून मुलाचा उल्लेख शेजारीपाजारी 'सायेब' असाच करत आल्या.

प्रतिज्ञापत्र टाइप होऊन आलं त्या दिवशी भीमराज जेवणाआधी ते वाचत बसले होते. सोजरबाई भाजी निवडत होत्या.

"काय लिवलंय रं त्यात?"

"कोर्टाचं आहे आई."

"कोर्टाचं हाय ते दिसतंय मला. लिवलंय काय?"

खोटं सांगता आलं असतं. त्यांची मुलगी मैत्री अभ्यास करत होती, तीही वर पाहू लागली. भीमराजनी चष्मा काढला.

"लिहिलंय की मी साहेब नव्हतो. कुणाला सुट्टी द्यायचा अधिकार मला नव्हता, कुणाला काढायचा नव्हता. मी कामगारच होतो. नावाला सुपरवायझर."

सोजरबाईंचे हात थांबले. "आन् हे तू शपथेवर सांगनार?"

"हो."

"खरं हाय का?"

"खरं आहे."

त्या निवडलेली भाजी उचलून आत गेल्या. त्या रात्री घरात कोणी फारसं जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी भीमराजनी पिंपरीला जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही केली.

पुण्याच्या कामगार न्यायालयात केस उभी राहायला दीड वर्ष लागलं. मग करोनात कोर्टच बंद पडलं. भीमराज भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिळेल तेव्हा डाय बसवायला जात. तारखेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून शिवाजीनगरला जायचं, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. पन्नाशी त्यांनी त्या बाकावर ओलांडली.

अखेर त्यांच्या उलटतपासणीची तारीख निघाली. कंपनीचे वकील वयस्क होते, आवाज चढवत नसत.

"सरवदे, अपघात झाला त्या वेळी लाइन तुमच्या ताब्यात होती?"

"मी लाइनवर होतो."

"सेन्सर बंद आहे हे तुम्हाला माहीत होतं. मशीन थांबवणं तुमच्या हातात होतं."

"बटण माझ्या हाताजवळ होतं साहेब. थांबवायचा अधिकार मला नव्हता."

"म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत मुलीची बोटं गेली आणि तुम्ही अधिकार नाही म्हणून उभे राहिलात?"

तनुजाताईंनी हरकत घेतली. पण भीमराजनी तोवर उत्तर देऊन टाकलं होतं. "हो," ते म्हणाले. न्यायाधीशांनी ते टंकलेखिकेला सांगितलं, तिने ते टाइप केलं. खटल्याच्या दृष्टीने ते उत्तर चांगलंच होतं, असं तनुजाताई नंतर म्हणाल्या. भीमराजना त्या एका शब्दाने पुढे कित्येक रात्री झोपेतून उठवलं.

मग वकिलांनी एक छोटा कागद पुढे केला. "ही सही तुमची?"

रजेचा अर्ज होता. पॅकिंगमधल्या शालनबाई यांचा. खाली भीमराजांच्या अक्षरात दोन शब्द होते: 'रजा मंजूर'. त्याखाली सही.

"सही माझी आहे."

"काय लिहिलंय ते वाचा."

"रजा मंजूर."

"आणखी काही विचारायचं नाही," वकील म्हणाले.

बाहेर आल्यावर तनुजाताईंनी विचारलं, हा काय प्रकार? भीमराज म्हणाले, तेवढं एकदाच लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, ठीक आहे, शालनबाईंनाच साक्षीला बोलावू. लाइनवर तुम्ही दिवसभर काय करायचात ते त्याही सांगतील.

शालनबाई चाकणजवळच्या वाडीवरच्या. कंपनी ज्या जमिनीवर उभी राहिली तिच्या शेजारीच त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. पॅकिंगला त्या नऊ वर्षं होत्या. साक्षीला यायला त्या एका शब्दात तयार झाल्या. भीमराज खोकी कशी उचलायचे, मशीनवर कसे बसायचे, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले.

"बाई, तुमचे मिस्टर आजारी होते तेव्हा तुम्हाला रजा कोणी दिली?"

"ह्यांनी. सरवदे सायबांनी."

"एचआरनं?"

"न्हाई हो! एचआरचं सायेब नकोच म्हनत व्हतं, माल जायचाय म्हनं. ह्यांनी अर्ज घेतला, सही केली, म्हनले जावा तुमी, मी बघतो. दोन दिस मी नवऱ्याच्या उशाला बसले. तिसऱ्या दिशी तो गेला. ह्यांनी रजा दिली न्हसती तर मला त्याचं त्वांड बगायला मिळालं न्हसतं." त्यांनी भीमराजांकडे पाहून हात जोडले. "देवमानूस हाय."

वकिलांनी मान लववली. "म्हणजे रजा यांनीच दिली."

"व्हय. यांनीच."

शालनबाई खाली उतरल्या तेव्हा त्यांना वाटत होतं, आपण फार चांगली साक्ष दिली. आवारातल्या कँटीनमध्ये त्यांनी भीमराजना आणि वकीलबाईंना आग्रहाने चहा पाजला. शालनबाई बसमध्ये बसल्यावर तनुजाताई म्हणाल्या, "संपलं. आपल्याच साक्षीदारानं सांगितलं की रजा द्यायचा अधिकार तुम्हाला होता."

"मॅडम, एक कागद आहे," भीमराज म्हणाले.

"कसला?"

"मेमो. ती रजा लिहिली म्हणून मला मिळालेला."

तनुजाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आणि हे तुम्ही मला चार वर्षांनी सांगताय?"

भीमराजना वाटलं होतं, तो कागद पुढे आला तर कंपनी म्हणेल, हा आधीपासूनच बेशिस्त. हे एक कारण. दुसरं ते बोलले नाहीत. मेमो मिळाला त्या दिवशी त्यांनी तो घडी करून मैत्रीच्या शाळेच्या दाखल्यांखाली ठेवला होता. घरी सांगितलं नाही, कारण आई दुखावली असती. शालनबाईंना सांगितलं नाही, कारण त्या नुकत्याच विधवा होऊन कामावर परतल्या होत्या आणि आपल्यामुळे या माणसाला बोलणी बसली हे ओझं त्यांच्या डोक्यावर कशाला, असं त्यांना वाटलं होतं.

पुढच्या तारखांना कंपनीचे साक्षीदार म्हणून एचआरचे अधिकारी सुजित उभे राहिले. लाइन सुपरवायझर हा व्यवस्थापनाचाच भाग असतो, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं. तनुजाताईंनी अगदी साध्या आवाजात सुरुवात केली.

"लाइन सुपरवायझरला कामगाराची रजा मंजूर करण्याचा अधिकार होता?"

"हो. पूर्ण अधिकार होता."

"शालनबाईंचा अर्ज सरवद्यांनी त्याच अधिकारात मंजूर केला?"

"हो."

"कंपनीनं त्यावर काही आक्षेप घेतला नाही?"

"मला आठवत नाही."

तनुजाताईंनी न्यायाधीशांच्या परवानगीने कागद पुढे केला. कंपनीच्या वकिलांनी उशीर झाल्याची हरकत नोंदवली. न्यायाधीशांनी हरकत लिहून घेतली आणि कागद साक्षीदाराला दाखवायला सांगितलं.

"लेटरहेड तुमच्या कंपनीचं?"

"हो."

"सही कोणाची?"

सुजित यांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. पंखा फिरत होता. "माझी," ते म्हणाले.

"दुसरा परिच्छेद वाचता?"

त्यांनी तो हळू आवाजात वाचला. न्यायाधीश म्हणाले, मोठ्यानं वाचा. मग सगळ्यांना ऐकू गेलं: "आपणास कोणत्याही कर्मचाऱ्याची रजा मंजूर करण्याचा अधिकार नाही, याची आपणास पूर्ण जाणीव असताना आपण सदर अर्जावर अनधिकृत शेरा लिहिला. हे वर्तन पुन्हा घडल्यास आपणावर इतर कामगारांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल."

'इतर कामगारांप्रमाणे' या शब्दांपाशी न्यायाधीशांनी हात वर केला आणि ते स्वतः टंकलेखिकेला सांगितले, एकेक शब्द सुटा करून.

निकाल पाच महिन्यांनी लागला. मराठीत होता, बावीस पानांचा. तनुजाताईंनी मधला भाग वाचून दाखवला. नियोक्त्याने हुद्दा कोणता दिला यावरून माणसाचं कायद्यातलं स्थान ठरत नाही. तो दिवसाचा मोठा भाग कोणतं काम करतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत बंधनकारक निर्णय घेऊ शकतो का, हे पाहावं लागतं. अर्जदाराने एकदा रजेचा शेरा लिहिला, पण कंपनीनेच तो अधिकार नाकारला. सबब अर्जदार हा कामगार आहे. चौकशीविना काढणं बेकायदेशीर. त्याला पुन्हा कामावर घ्यावं.

भीमराज घरी आले तेव्हा सोजरबाई दारातच बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसायचं.

"काय म्हनलं कोर्ट?"

"जिंकलो आई."

"म्हंजी सायेब न्हवतास, हे खरं ठरलं."

"हो."

सोजरबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं, आणि भीमराजनी शालनबाईंच्या रजेची, मेमोची सगळी हकीकत सांगितली. "तुझा बा असता तर त्याला आधी वाईट वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "मग त्यानं इचारलं असतं, त्या बाईला नवरा भेटला का? भेटला म्हनलास तर गप बसला असता."

कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे आणखी एक वर्ष गेलं. हस्तक्षेप करण्याजोगं काही दिसत नाही, एवढ्यावर ती याचिका फेटाळली गेली. भीमराज पुन्हा महाळुंग्याच्या गेटातून आत गेले तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. त्यांना निळा शर्ट मिळाला आणि ऑपरेटरचं ओळखपत्र. त्यांची जुनी लाइन मोडून तिथे रोबो बसवले होते, म्हणून त्यांना शेवटच्या टोकाला तपासणीच्या टेबलावर बसवलं. सुजित दुसऱ्या कंपनीत गेले होते. भाग्यश्रीबद्दल भीमराजनी विचारलं; ती गावी गेली, एवढंच कोणाला तरी ठाऊक होतं. कुठलं गाव, ते कोणाला सांगता आलं नाही.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी ते शालनबाईंच्या वाडीवर गेले. साक्षीदार म्हणून निकालात त्यांचं नाव होतं, एक प्रत द्यावी असं भीमराजना वाटलं. शालनबाईंना फारसं वाचता येत नव्हतं. त्यांनी जिथे आपलं नाव आहे तेवढं वाचून दाखवायला सांगितलं. भीमराजनी पान काढलं. साक्षीदार क्रमांक दोन हिने, कृतज्ञतेपोटी, रजा अर्जदाराने 'दिली' असे म्हटले आहे. परंतु हा शब्द तिने कायदेशीर अर्थाने वापरलेला दिसत नाही. पुढे मेमोचा मजकूर होता. तो वगळावा असं त्यांच्या मनात आलं, पण शालनबाई ऐकत होत्या, आणि त्यांनी तोही वाचला.

शालनबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. "तुमाला माज्यापायी असला कागूद आला व्हता?"

"जुनी गोष्ट आहे."

"आन् सायेब, मी काय खोटं बोलले का कोर्टात?"

"नाही हो. कोर्टानं तसं कुठं म्हटलंय? कायद्यात 'देणं' म्हणजे द्यायचा हक्क असणं. मला हक्क नव्हता. तेवढंच लिहिलंय."

"हक असू नायतर नसू," शालनबाई म्हणाल्या. "मी गेले न्हवं? गेले. मग कुनी दिली ती रजा?"

न्यायाधीशांनी शब्दाचा जो अर्थ लावला तो बरोबर होता, त्यावरच भीमराजांची भाकरी परत आली होती. आणि ही बाई म्हणत होती तेही त्यांना खोटं म्हणता येईना. त्यांनी कागदाची घडी केली आणि तिच्या हातात दिली. शालनबाई आत जाऊन चुलीवर आधण ठेवू लागल्या. दुसरी शिफ्ट सुटल्याचा भोंगा कुठल्या तरी कंपनीत वाजला. इथून नेमका कुठला, ते कळत नसे.

भीमराज चहा घेईपर्यंत थांबले. निवृत्तीला त्यांना अजून चार वर्षं आहेत. तपासणीच्या टेबलावर ते रोज सातला बसतात, आणि शॉपमधली नवी माणसं त्यांना 'सरवदेकाका' म्हणतात.